जेवण सुटलं की मनाचं काय होतं? कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक जण साखर, बीपी नाहीतर वाढलेलं वजन घेऊन येतात. पण अधूनमधून एखादी आई एकटीच येते, खुर्चीच्या टोकावर बसते आणि हळूच म्हणते, "मॅडम, पोरगी जेवतच नाही हो."

आपल्या गावात भेटल्यावर पहिला प्रश्न "जेवलाय काय?" हाच असतो. पाहुण्याला दोन वाट्या रस्सा जास्तीचा गेला नाही तर घरच्यांना चुकचुकल्यासारखं वाटतं. अशा ठिकाणी आपल्याच घरातलं माणूस ताटाला घाबरतंय, हे कबूल करणं फार जड जातं. म्हणून ही घरं उशिरा येतात. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

ती उदास आहे म्हणून जेवत नाही, की जेवत नाही म्हणून उदास आहे?

दोन्ही खरं असू शकतं. पण दुसरी बाजू घरात कुणी विचारातच घेत नाही, म्हणून आधी तीच सांगते.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात उपासमार होती आणि भुकेने खंगलेल्या माणसांना पुन्हा जेवतं कसं करायचं, याची नीट माहिती डॉक्टरांकडे नव्हती. तेव्हा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ३६ तरुण स्वतःहून त्यात आले. निवडतानाच ते शरीराने आणि मनाने ठणठणीत आहेत ना, हे तपासलं होतं. सुरुवातीला पोटभर जेवण, मग २४ आठवडे जवळजवळ निम्मं. वजन साधारण चौथाईने उतरलं.

आणि मनं? हसणं-बोलणं आटलं. बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड, खिन्नता, अंगात सतत थंडी. चार माणसांत बसावंसं वाटेना. वाचायला घेतलं तर लक्ष लागेना. डोक्यात दिवसभर जेवणच. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागला, कुणी ताटातला घास तासन्‌तास चिवडत बसू लागला. यातल्या कुणालाही खाण्याचा आजार म्हणून तिथे आणलेलं नव्हतं. त्यांना फक्त उपाशी ठेवलं होतं.

"तिचा स्वभावच बदलला हो" असं तुम्ही म्हणता, तेव्हा मला हे तरुण आठवतात. त्या बदललेल्या स्वभावातला मोठा वाटा भुकेचा असतो आणि तो जेवणानेच परत फिरतो. मात्र लगेच नाही. त्या तरुणांचंही जेवण वाढवल्यावर मन काही आठवड्यांत ताळ्यावर आलं नाही. काही जण तर आधी आणखीच खचले. म्हणून पंधरा दिवस नीट जेवूनही ती रडतच असेल, तर उपाय फसला असं समजू नका.

मेंदूला नेमकं काय कमी पडतं?

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. जेवण घटलं की त्याला पहिली झळ लागते. मन स्थिर ठेवणारं सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते ट्रिप्टोफॅन शरीराला स्वतः तयार करता येत नाही. ते दूध, डाळ, अंडी, शेंगदाणे, मटण यांतूनच यावं लागतं. लोह कमी झालं की थकवा येतो, धाप लागते, छाती धडधडते, आणि ही धडधड बाहेरून हुबेहूब चिंतेसारखी दिसते. बी१२ कमी झालं की हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, उदासी. बी१२ प्राणिज पदार्थांतून मिळतं. त्यामुळे ज्या घरात मांसाहार नाही आणि मुलीने दूधही सोडलंय, तिथे मी ही तपासणी आधी करायला सांगते.

दीर्घ उपासमारीत मेंदूचा करडा भाग आक्रसतो, हे एमआरआयमध्ये दिसतं. वजन सावरलं की तो बराचसा भरून येतो, हेही दिसतं. पहिलं वाक्य मी आईवडिलांना सांगते, दुसरं मुलीला.

आमची लहानपणापासूनच घाबरट आहे. चिंतेचा याच्याशी संबंध असतो का?

असतो, आणि बऱ्याचदा चिंता आधी आलेली असते. २००४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर के आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाण्याचे विकार असलेल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांना आयुष्यात कधी ना कधी चिंताविकार झालेला आढळला. त्यातल्या बहुतेकांची चिंता लहानपणीच, जेवण बिघडण्याच्या आधी सुरू झाली होती. चारचौघांत वावरण्याची भीती आणि पुन्हा पुन्हा तीच कृती करायला लावणारा ओसीडी, हे दोन सगळ्यांत जास्त.

गुंता असा पडतो. परीक्षा जवळ आलीय, नीटचे क्लास चालू आहेत, छातीत दडपण आहे. एक जेवण चुकवलं आणि आत काहीतरी शांत झाल्यासारखं वाटलं. मेंदूने ते टिपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चपाती मोजून खाल्ली, तेव्हाही तसंच वाटलं. महिन्याभरात मोजणं हीच सवय झाली आणि आता न मोजता जेवायला बसलं तर हात थरथरतात. भीती टाळली की ती तेवढ्यापुरती उतरते, पण पुढच्या खेपेला वाढून येते. त्यात उपाशी शरीर ताणाची संप्रेरकं जास्त सोडतं, झोप उडते, म्हणजे चिंतेला वरून फोडणीच.

म्हणून "थोडी मनाची तयारी झाली की जेवेन" या वाक्यावर थांबू नका. भीती असतानाच जेवायचं असतं, कुणाच्या तरी सोबतीने. भीती नंतर कमी होते.

ती अजिबात बारीक नाही. मग कुपोषण कसं?

या प्रश्नावर मला सगळ्यांत जास्त बोलायचंय, कारण इथेच सगळ्यांत जास्त जण हातचे सुटतात.

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हाडं दिसणारं पोर येतं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, तर प्रमाणापेक्षा बारीक बायका १८.७ टक्केच होत्या. म्हणजे अंगाने बऱ्या दिसणाऱ्या कितीतरी बायका आतून रिकाम्या आहेत. जाड माणूसही कुपोषित असतो.

खाण्याच्या विकारांचंही तेच. खाणं तोडत जाऊन वजन फार उतरवणारा अ‍ॅनोरेक्सिया लोकांना पटकन कळतो. बुलिमियात माणूस भरमसाट खातो आणि मग उलटी काढून, जुलाबाच्या गोळ्या घेऊन किंवा अंग मोडेपर्यंत व्यायाम करून ते फेडू पाहतो. वजन नेहमीसारखंच राहतं, म्हणून वर्षानुवर्षं घरात पत्ता लागत नाही. बिंज ईटिंगमध्ये ताबा सुटून खाणं होतं, पण नंतर उलटी वगैरे नसते. उरते ती लाज. २०१३ पासून अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान आहे. शिवाय नव्वद किलोचा माणूस काही महिन्यांत साठवर आला असेल, तर साठ किलो "छान" दिसत असूनही त्याचं हृदय, पाळी, मन या सगळ्यांवर उपासमारीचे तेच घाव असू शकतात. त्याला मात्र सगळीकडून शाबासकी मिळत असते.

बिंज करणाऱ्या बायकांना मी पहिल्या भेटीत वजनकाट्यावर उभंच करत नाही. त्या आयुष्यभर डाएट करत आलेल्या असतात. दिवसभर चहा-खारीवर काढायचं, रात्री घर झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्याने खायचं, सकाळी स्वतःला शिव्या घालून पुन्हा उपाशी राहायचं. रात्रीचं ते खाणं दिवसाच्या उपाशीपणातून जन्मलेलं असतं. त्यांना अजून एक डाएट चार्ट देणं म्हणजे त्याच खड्ड्यात पुन्हा ढकलणं. या बायकांत नैराश्य खूप असतं आणि त्यांना औषध काय मिळतं, तर "तोंडावर ताबा ठेव". एका मुलीला स्थळ बघायला आलेल्यांनी ताटाकडे बघत "जरा कमी जेवत जा" म्हटलं होतं. सहा वर्षं झाली, तिला ते वाक्य त्यांच्या आवाजासकट आठवतं.

जेवणानंतर ती लगेच बाथरूममध्ये जाते. उलटी काढत असेल तर किती गंभीर?

गंभीर. वारंवारच्या उलट्यांनी आणि जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचा ठोका बिघडू शकतो. हे वजन व्यवस्थित असतानाही होतं. दातांवरचं आवरण झिजतं, गालाखालच्या ग्रंथी सुजतात, घसा सतत दुखतो. लगेच रक्त तपासा, ईसीजी काढा. उलटीनंतर लागलीच दात घासू नयेत, पाण्याने चूळ भरावी. आम्लाने मऊ पडलेले दात ब्रशने आणखी झिजतात.

नवरात्रात नऊ दिवस उपवास करते. हा आजार म्हणायचा का?

उपवासाला आजार म्हणू नका. अंबाबाईच्या या नगरीत नवरात्रात कित्येक घरं उपवास करतात, कुणी नऊ दिवस, कुणी उठता-बसता. त्यांना त्यातून बळ मिळतं. "एकादशी, दुप्पट खाशी" अशी म्हणच आहे आपल्यात: साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळी. निरोगी माणसाचा उपवास असा असतो, आणि तो सुटण्याची तो वाट बघतो.

आजार मात्र उपवासाच्या आडोशाला लपतो, कारण उपवासाला कुणी "का?" विचारत नाही. बघायचं ते एवढंच: उपवासाचे वार वाढत चाललेत का? आधी सोमवार, मग गुरुवार, मग संकष्टी, मग शनिवार. फराळाचंही खात नाही का? उपवास सोडायची वेळ आली की चेहरा पडतो का? घट उठले तरी जेवण परत आलं नाही का? यातल्या दोन गोष्टींना "हो" असेल तर बोला.

उपचार चालू असताना उपवास नको. आजारी माणसाला, गरोदर बाईला सूट द्यायची आपल्याकडे पूर्वीपासून रीत आहे. हे घरातल्या आजीनेच सांगितलं तर डॉक्टरांपेक्षा लवकर पटतं. मी आजींना मुद्दाम सोबत बोलावते.

भाऊ तालमीत आहे. स्पर्धेआधी वजन उतरवतो, मग आठवडाभर कुणाशी बोलत नाही. मुलांना होतं का हे?

होतं, आणि मुलांचं ओळखायला फार उशीर लागतो. कुस्तीतल्या खुराकाचा आपल्याला अभिमान आहे: दूध, तूप, बदामाची थंडाई. पण मॅटवर वजनगट आले आणि त्याच पोराला वर्षभर खुराक घ्यायचा आणि स्पर्धेच्या तोंडावर पाणीसुद्धा तोडायचं, असे दोन उलटे हुकूम मिळू लागले. घाम काढून, पाणी तोडून वजन उतरवणं जिवावर बेततं. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत सहा आठवड्यांच्या आत तीन कॉलेजचे मल्ल असंच वजन उतरवताना दगावले, तेव्हा तिथे वजन घेण्याचे नियम बदलले.

सगळ्या मल्लांना विकार होत नाही. स्पर्धा संपल्यावर जेवण आणि मूड दोन्ही पूर्ववत झाले तर तो खेळाचा भाग धरा, त्रासदायक असला तरी. पण स्पर्धा नसतानाही तो अन्नाला घाबरतो, चोरून भरमसाट खातो, आरशासमोरून हलत नाही, झोप नाही, तर वस्तादांशी बोला. त्यांचा शब्द तो तुमच्यापेक्षा लवकर ऐकेल. आयुष्य नकोसं झाल्याचं बोलला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखापतीमुळे कुस्ती सुटलेल्या पोरांवर विशेष लक्ष ठेवा. त्यांची ओळखच अंगावर उभी असते आणि ते अंग बदलायला लागतं.

ती म्हणते, "मला जाड व्हायची भीती नाही, पोट फुगतं, अन्न खाली उतरत नाही." मग हा तो आजार नव्हे ना?

असू शकतो. १९९० च्या दशकात हाँगकाँगमधले मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी दाखवून दिलं की त्यांच्याकडच्या अ‍ॅनोरेक्सियाच्या अनेक रुग्णांना जाड होण्याची भीती नव्हतीच. ते पोट फुगण्याबद्दल, भूक नसण्याबद्दल सांगत. आपल्याकडच्या मुलीही हेच सांगतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. कमी खाल्लं की जठर रिकामं व्हायला खरोखर जास्त वेळ लागतो, दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं.

आधी टीबी, थायरॉइड, मधुमेह, आतड्याचे आजार नाहीत ना, हे फिजिशियनकडून बघून घ्या. पण तपासण्या नॉर्मल आल्यावर तिसरी एन्डोस्कोपी करण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. एका घराने तर आधी बाहेरचं म्हणून उतारे केले, मग पोटाचे डॉक्टर बदलले. त्यात दीड वर्ष गेलं. दीड वर्षाची भूक भरून काढायला आम्हाला त्याहून जास्त वेळ लागला.

नैराश्याच्या गोळ्या चालू केल्या तर जेवण आपोआप सुरू होईल ना?

वजन फार उतरलेलं असताना या गोळ्यांचा म्हणावा तसा उपयोग होताना दिसत नाही. त्या वेळी अन्न हेच पहिलं औषध. बुलिमियात मात्र फ्लुओक्सेटीन मदत करतं, तेही नैराश्याला लागतं त्यापेक्षा मोठ्या मात्रेत. मात्रा डॉक्टर ठरवतील. उलट्यांबद्दल त्यांच्यापासून काही लपवू नका: नैराश्यावरचं ब्युप्रोपिऑन हे औषध अशा रुग्णांना देत नाहीत, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका.

समुपदेशनाचंही असंच. उपाशी मेंदूत बोलणं मुरत नाही. थोडं जेवण पोटात गेलं की तेच शब्द ऐकू येऊ लागतात.

घरी आम्ही काय करायचं? आग्रह करायचा की सोडून द्यायचं?

दोन्ही नको. शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलांसाठी कुटुंबाला हाताशी धरून करायची उपचारपद्धत १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात आकाराला आली. तिचा गाभा आपल्या घरांना परका नाही: काही काळ जेवण आईवडिलांनी हातात घ्यायचं, मूल बरं होत जाईल तसं ते त्याच्या हाती परत द्यायचं. आणि "हे तुझ्यामुळे, हे माझ्यामुळे" ही भाषा बंद.

व्यवहारात असं करा. तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी, ठरलेल्या वेळेला. ताट तुम्ही वाढायचं आणि स्वतःचंही वाढून शेजारी बसायचं. "मी नंतर जेवते" म्हणून ओट्यापाशी उभी राहणारी आई मुलीला न जेवण्याचाच धडा देते, नकळत. ताटावर वजन, कॅलरी, मार्क, लग्न काही काढायचं नाही. साधं बोला, गल्लीतलं, टीव्हीवरचं. नाही गेला घास तर ओरडू नका, उठूही देऊ नका. "वेळ घे, मी बसलेय." जेवणानंतरचा एक तास तिला एकटं सोडू नका, पत्ते खेळा, कपड्यांच्या घड्या घाला.

आणि पाहुण्यांना आधीच फोन करून ठेवा. सुधारत असलेल्या मुलीला "आता बरं अंग धरलंय हं!" असं कौतुकाने म्हटलं जातं आणि त्या रात्रीपासून जेवण पुन्हा बंद होतं. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

खूप दिवस काहीच खाल्लेलं नाही. दूध-तूप-मटण, चांगला खुराक सुरू करू का?

थांबा. घरी एकदम सुरू करू नका. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदय बंद पडू शकतं. महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली माणसं जेवल्यावर दगावली, ती यामुळेही. आधी डॉक्टर, रक्ततपासणी, बी१ म्हणजे थायमिन, मग हळूहळू वाढवत नेलेलं जेवण, गरज असेल तर दाखल करून.

पाळी बंद झाली होती, गोळ्यांनी आणली. म्हणजे ठीक ना?

नाही. गोळीने आलेला रक्तस्राव म्हणजे शरीर सावरलं असं नव्हे. हाडं आतून ठिसूळ होतच राहतात. पाळी जेवणाने यायला हवी.

कधी थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा?

चक्कर येऊन पडली, छातीत दुखतंय, नाडी फार मंद किंवा अनियमित आहे, पायांवर सूज आली, पाणीही प्यायला तयार नाही, उलटीत रक्त दिसलं, किंवा मरणाचं बोलली, तर त्याच दिवशी. रुग्णवाहिकेसाठी १०८. आपल्याकडे सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथे शरीर आणि मन दोन्हीचे डॉक्टर एका आवारात भेटतात. खासगीत गेलात तर मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ या तिघांनी एकमेकांशी बोलायला हवं, ही अट तुम्हीच घाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांना मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं, ते कागद काढून बघा.

मरणाबद्दल विचारलं तर डोक्यात कल्पना घातल्यासारखं होईल, अशी भीती आईवडिलांना वाटते. तसं होत नाही. अ‍ॅनोरेक्सियातल्या मृत्यूंत आत्महत्यांचा वाटा मोठा आहे. सरळ विचारा: "जगणं नको वाटतं का कधी?" टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्रीही मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

हे वाचणारी मीच आहे. आईला कसं सांगू?

सगळं सांगायची गरज नाही. उलट्या, गोळ्या, आकडे, ते डॉक्टरांसमोर. आईला एवढंच: "आई, मला जेवायची भीती वाटते. मी मुद्दाम करत नाही. आज माझ्याजवळ बसशील काय?" तोंडातून येत नसेल तर कागदावर लिहून तिच्या उशाशी ठेव, किंवा हेच पान तिला पाठव.

ती पहिल्यांदा चिडेल कदाचित, "काय कमी केलं तुला?" म्हणेल. ती घाबरलेली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांग. तरी नाहीच ऐकलं तर मावशी, आत्या, शाळेतल्या बाई, नाहीतर १४४१६. आणि तोवर आज रात्री जेवढं जाईल तेवढं खा, दूधभात असला तरी चालेल.